बाबांच्या ऑफिसचे जुने कॉम्प्युटर शाळेला द्यायचे आहेत, हार्ड डिस्क नीट पुसायची कशी?

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि बागेच्या धाग्यांवर असते, तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहितेय.

माझे बाबा सांगलीत कर सल्लागार होते. ३१ वर्षांची प्रॅक्टिस या मार्चअखेरीला बंद केली. ऑफिसची जागा भाड्याची, ती महिनाअखेर रिकामी करायची आहे. तिथे पाच मशीन आहेत. तीन असेंबल केलेले डेस्कटॉप, त्यात ५०० जीबीच्या साध्या फिरत्या हार्ड डिस्क. एक २०१९ चा लॅपटॉप, त्यात २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क). आणि एक जुना डेस्कटॉप, जो दोन वर्षं चालूच होत नाही. चालू असलेले चार तासगावजवळच्या एका शाळेला द्यायचं बाबांनी कबूल केलंय.

मागच्या रविवारी भंगारवालाही येऊन बघून गेला, सगळ्याचे मिळून दीड हजार देतो म्हणाला. बाबा म्हणाले, आधी आतलं सगळं पुसा, मग पुढचं बोलू. भावाने तिन्ही डेस्कटॉपवरच्या डी ड्राइव्हला फॉरमॅट मारला आणि काम झालं म्हणाला. मला मात्र चैन पडेना. इथल्याच एका जुन्या धाग्यात फोटोरेक या फुकट सॉफ्टवेअरबद्दल वाचलं होतं. गेलेल्या फाइली शोधून काढतं. ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि एका मशीनवर रात्रभर चालवलं.

सकाळी फोल्डर उघडला तर हजारो फाइली. मूळ नावं गेलेली, नुसते आकडे. पहिल्याच पाचपन्नासात एका किराणा दुकानदाराचं पॅनकार्ड निघालं, फोटो आणि सहीसकट. ते गृहस्थ कोविडच्या दुसऱ्या लाटेत वारले. त्यांच्या मुलाच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. पुढे आणखी एक एक्सेल सापडली. तीत बाबांच्या १८० क्लायंटची नावं, जन्मतारखा, आयकर आणि जीएसटी पोर्टलचे युजर आयडी आणि पासवर्ड, ओळीने.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लोकांनी कागद माझ्याकडे ठेवले होते, भंगारवाल्याकडे नाही."

आता माझे प्रश्न. फॉरमॅट मारूनही हे सगळं कसं निघालं? पूर्ण पुसायचं कसं? एसएसडीला वेगळं काही करावं लागतं का? आणि बंद पडलेल्या मशीनचं काय करू?

शून्य_एक | शुक्रवार, रात्री १०.२५

मेघनाताई (तुमच्या जुन्या पोस्टींत हे नाव वाचलंय, चालेल ना?), तुम्ही फोटोरेक चालवून बघितलंत ते फार योग्य केलंत. पुण्यात सर्व्हर सांभाळण्यात माझी १४ वर्षं गेली, त्यातून सांगतो. पुसलं असं मानणारे पुष्कळ भेटले, पुसलं गेलंय का ते तपासणारे फार थोडे.

फाइल डिलीट करणं म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्यावरचं नाव कमी करणं. दप्तर कोरं झालं म्हणून शेतातला ऊस कुठे जात नाही. दुसऱ्या कोणी तिथे नांगर घालेपर्यंत तो उभाच असतो. विंडोज फक्त एवढी नोंद करतं की ही जागा आता मोकळी आहे. क्विक फॉरमॅट त्याच्याही पुढे जाऊन सगळं दप्तरच नवीन करतं, पण शेताला हात लावत नाही. फोटोरेक दप्तर बघतच नाही, ते थेट शेतात फिरतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते. पीडीएफ असेल तर पहिली चार अक्षरं टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ. अशी खूण दिसली की तिथून पुढचा भाग ते उचलून घेतं. नावं जातात ती यामुळेच, कारण नावं दप्तरात होती.

भावाला बोल लावू नका. फॉरमॅटच्या चौकटीत 'क्विक'वर टिक आधीपासूनच असते. ती काढून पूर्ण फॉरमॅट केला तर व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये त्या भागावर शून्यं लिहिली जातात. एक्सपीत तेही नव्हतं, तिथे पूर्ण फॉरमॅट फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) शोधायचा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सी ड्राइव्ह तसाच राहिलाय. डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, मेलच्या जोडपत्रांच्या तात्पुरत्या प्रती हे सगळं तिथे असतं. मशीन झोपवताना विंडोज रॅममधला मजकूर जिथे उतरवून ठेवतं ती हायबरनेशन फाइलही तिथेच. म्हणून भाग पुसू नका, अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत पुसा. चालू विंडोजमधून स्वतःचीच डिस्क पुसता येत नाही, त्यासाठी मशीन पेनड्राइव्हवरून चालू करावं लागतं.

उद्या सकाळी सविस्तर लिहितो. तोवर त्या मशीनवर काहीच करू नका.

रानजाई | शुक्रवार, रात्री ११.०५

पुसण्याच्या आधीचं मी सांगते, कारण त्यात मी पोळले आहे. तीन वर्षांपूर्वी घरचा जुना पीसी विकायचा म्हणून डिस्क पुसायला घेतली. बॅकअपची यूएसबी डिस्क त्याच मशीनला लावलेली राहिली होती. यादीत दोन्ही डिस्क १ टीबीच्या, कंपनीही एकच. मी वरची निवडली. अर्ध्या तासाने लक्षात आलं की पुसली जातेय ती बॅकअपची. मुलीच्या पहिल्या चार वर्षांचे फोटो त्यात होते. पीसीवरच्या प्रती आदल्या दिवशीच 'आता बॅकअप आहे' म्हणून उडवल्या होत्या.

म्हणून ताई, ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची केबल काढून ठेवा. नुसतं लक्षात ठेवू नका, केबल काढा. डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर कागदावर लिहून घ्या आणि स्क्रीनवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. आणि जो बॅकअप घ्याल तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय पुसायला सुरुवात करू नका.

बाबांना विचारून ठरवा की कोणाचा डेटा अजून लागणार आहे. ज्यांचं काम दुसऱ्या सल्लागाराकडे गेलंय त्यांचं त्यांना द्या. जो ठेवणं भाग आहे तो एकाच डिस्कवर, एन्क्रिप्ट करून (पासवर्डाच्या कुलपात घालून), कपाटात.

अप्पा_डोंबिवली | शनिवार, सकाळी ७.१५

एक सूचना. शून्यं एकदा लिहून भागत नाही. मी सरकारी नोकरीत असताना आमच्याकडे शिकवलं होतं की चुंबकीय डिस्कवर जुन्या मजकुराची पुसट छाया राहते, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ती वाचता येते. त्यामुळे ३५ वेळा लिहायला हवं. वेळ लागला तरी चालेल, लोकांच्या पॅन-आधारचा प्रश्न आहे.

शून्य_एक | शनिवार, सकाळी ८.५०

अप्पा, तुमची काळजी रास्त आहे. ३५ हा आकडाही हवेतला नाही, पण तो कुठून आला ते बघू. १९९६ साली पीटर गुटमन यांनी चुंबकीय माध्यमांवरून माहिती पुसण्याबद्दल एक निबंध मांडला. त्यात ३५ वेळा लिहिण्याची योजना होती. त्या काळी डिस्कवर बिट, म्हणजे ० किंवा १, मांडण्याच्या अनेक वेगवेगळ्या पद्धती चालायच्या, आणि त्या प्रत्येक पद्धतीला पुरतील असे सगळे नमुने मिळून ३५ होतात. तुमच्या हातातली डिस्क कोणत्या पद्धतीची हे ठाऊक असेल तर त्यातले थोडेच लागू पडतात. खुद्द गुटमन यांनीच नंतर स्पष्ट केलं की लोक या ३५ फेऱ्या मंत्रासारख्या म्हणतायत, आजच्या डिस्कला त्यांची गरज नाही.

पुसट छायेची तपासणीही झालेली आहे, आणि ती आपल्या हैदराबादेत मांडली गेली. डिसेंबर २००८ मध्ये तिथे माहिती-सुरक्षेची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे क्रेग राइट, डेव्ह क्लायमन आणि श्याम सुंदर यांचा निबंध होता. एकदा पूर्ण लिहिलेल्या वापरातल्या डिस्कवर सूक्ष्मदर्शकाने जुना बिट ओळखायला गेलं तर बरोबर येण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के मिळतात. एका अक्षराला आठ बिट, ते आठही बरोबर यायला हवेत. ०.५६ ला आठ वेळा गुणून बघा, एक टक्क्याच्याही खाली येतं. हे झालं एका अक्षराचं. पॅन नंबर दहा अक्षरांचा असतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा ८००-८८ क्रमांकाचा दस्तऐवज या कामात जगभर वापरतात. त्यातही फिरत्या डिस्कला सगळीकडे एकदा लिहिणं पुरेसं धरलंय. ज्या तीन फेऱ्यांना लोक 'डीओडी' (अमेरिकेचं संरक्षण खातं) म्हणतात ती पद्धतही नव्वदीतली आहे.

वेळेचा हिशोब करा. ५०० जीबीची जुनी डिस्क सरासरी सेकंदाला ८५ एमबी लिहिते. एक फेरी म्हणजे साधारण १ तास ३८ मिनिटं. ३५ फेऱ्या म्हणजे ५७ तास, जवळजवळ अडीच दिवस. इतका वेळ लागणार म्हटलं की माणूस कंटाळून मध्येच बंद करतो, आणि अर्धवट पुसलेली डिस्क बाहेर जाते. त्यापेक्षा एक फेरी पूर्ण करा आणि दुसरा तेवढाच वेळ तपासणीला द्या. अप्पा, मी म्हणेन की तुमची सगळी काळजी त्या तपासणीत घाला.

आता कृती. श्रेडओएस नावाची छोटी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) आहे, ती पेनड्राइव्हवर टाका. पूर्वी सगळे डीबॅन वापरायचे, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. नवीन मशीनवर ती धड चालूही होत नाही आणि एनव्हीएमई या नव्या जातीची एसएसडी तिला दिसत नाही. श्रेडओएसमध्ये त्याच घराण्यातला एनवाइप प्रोग्रॅम आहे. पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की डिस्कची यादी येते, मॉडेल आणि सीरियल नंबरसकट. स्पेसबारने डिस्क निवडा, ओळीच्या सुरुवातीला 'वाइप' उमटतं. एम दाबून पद्धत निवडा, शून्यं भरण्याची घ्या. व्ही दाबून शेवटच्या फेरीची पडताळणी चालू करा. मग शिफ्ट धरून एस. श्रेडओएस रॅममध्ये चालते, त्यामुळे सुरू झाल्यावर पेनड्राइव्ह काढून पुढच्या मशीनला लावता येतो. तिन्ही मशीन एकाच वेळी चालतील.

पेनड्राइव्हची ही खटपट नको असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून शिफ्ट आणि एफ-१० दाबा. काळी खिडकी येते. तिथे डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि 'क्लीन ऑल'. 'ऑल' हा शब्द विसरलात तर पुन्हा फक्त दप्तर कोरं होतं.

अप्पा_डोंबिवली | शनिवार, सकाळी ९.३०

समजलं. ०.५६ चा गुणाकार कागदावर करून पाहिला, बरोबर येतो. इतकी वर्षं मी सगळ्यांना ३५ सांगत आलो, आजपासून एक फेरी आणि पडताळणी असं सांगेन. आभारी आहे.

तापकीर_गल्ली | शनिवार, सकाळी ११.४५

मी जुने कॉम्प्युटर घेतो, दुरुस्त करतो, विकतो. धंदाच तो. जुन्या डिस्कचा लॉट आला की पहिलं काम पुसायचं, आत काय आहे ते बघत नाही. पण पुसण्याआधी डिस्क जिवंत आहे का पाहायला लावावीच लागते, आणि फोल्डरांची नावं नजरेला पडतात. 'सोनोग्राफी २०१७', 'सोसायटी सभासद आधार', 'पगार', 'आईचं मृत्युपत्र'. घरच्या लोकांची मशीन, दवाखान्यांची, क्लासवाल्यांची, सगळ्यांची तीच गत. मी पुसतो, पण पुढचा पुसेलच असं नाही.

ताई, पुसण्याआधी प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' म्हणून ओळ असते. डिस्कला एखादा सेक्टर खराब वाटला की ती तो बाजूला टाकते आणि राखीव साठ्यातला दुसरा देते. बाजूला टाकलेल्या सेक्टरवर जे लिहिलेलं होतं ते तिथेच राहतं, आणि नंतर कितीही शून्यं लिहा, ती तिथे पोहोचत नाहीत. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे मजकुराच्या पाचसहा ओळी. आकडा शून्य असेल तर प्रश्न नाही. शेकड्यात असेल तर ती डिस्क मी शाळेला देणार नाही, एक म्हणजे पुसली जाणार नाही आणि दुसरं म्हणजे सहा महिन्यांत मरेल. पडताळणीत एक जरी चूक दाखवली तरी तोच न्याय.

बंद मशीनबद्दल. मशीन बंद आहे म्हणजे डिस्क बंद आहे असं नसतं! दहातल्या आठ वेळा पॉवर सप्लाय किंवा बोर्ड गेलेला असतो. डिस्क काढा, चालू मशीनला साटा केबलने (डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची केबल) लावा, फिरते का बघा. फिरली तर पुसा.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०.५०

आज दिवसभर ऑफिसातच होतो. बाबा, मी, भाऊ.

सकाळी रानजाईताईंचं ऐकून आधी बॅकअप. बाबांनी यादी काढली, अजून ज्यांची प्रकरणं चालू आहेत असे २२ क्लायंट निघाले. तेवढाच डेटा एका नव्या डिस्कवर घेतला, बिटलॉकर (विंडोजमधलंच एन्क्रिप्शनचं कुलूप) लावलं, पासवर्ड बाबांच्या डायरीत. घरी माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिला, टॅलीचा डेटाही उघडला.

मग तिन्ही डिस्कचे सीरियल नंबर लिहायला कॅबिनेट उघडली. एकात पालीची अंडी आणि बोटभर धूळ. स्मार्टमध्ये दोन डिस्कला रीअलोकेटेड शून्य, तिसरीला ३१२. ती शाळेला जाणार नाही, बाजूला ठेवली.

पहिल्या दोन सव्वातीनला सुरू केल्या. सुरुवातीला वेग सेकंदाला ११० एमबी दाखवत होता, हळूहळू उतरत शेवटी ५५ वर आला. मला वाटलं डिस्क बिघडतेय. भावाने शोधून सांगितलं की तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर मावतो, आत येईल तसा कमी, म्हणून असं होतं. बरोबर आहे ना? साडेसहाच्या सुमारास दोन्ही संपल्या, पडताळणीत चुका शून्य.

त्यानंतर पुन्हा फोटोरेक लावलं. काल ज्या डिस्कवर हजारो फाइली निघाल्या होत्या तिच्यावर आज दीड तास फिरून शेवटी आकडा आला शून्य. बाबांनी खुर्ची ओढून आकडा जवळून वाचला आणि मला पुन्हा विचारलं, "त्या किराणावाल्यांचं कार्डही गेलं ना?" म्हटलं, गेलं.

एसएसडीचं अजून केलेलं नाही, तुमची वाट बघतेय.

शून्य_एक | शनिवार, रात्री ११.३०

फार नेटकं काम केलंत. वेग उतरण्याचं कारणही बरोबर.

एसएसडीला एनवाइप किंवा क्लीन ऑल पुरत नाही. फिरत्या डिस्कमध्ये तुम्ही दहाव्या सेक्टरवर लिहा म्हटलं की ती दहाव्यावरच लिहिते. एसएसडीतल्या पेशी ठरावीक वेळा लिहून झिजतात, म्हणून तिचा कंट्रोलर (आतला कारभार बघणारी चिप) झीज सगळीकडे सारखी वाटतो. तुम्ही त्याच जागी लिहा म्हणालात तरी तो नव्या जागी लिहितो आणि नोंदीत पत्ता बदलतो. जुनी प्रत मागे राहू शकते. शिवाय काही जागा तो कायम राखीव ठेवतो, ती तुम्हाला दिसतच नाही. वरून शून्यं लिहिली तर त्या जागा सुटू शकतात.

म्हणून पुसायचा हुकूम कंट्रोलरलाच द्यायचा, तो आतल्या सगळ्या पेशी रिकाम्या करतो. पुष्कळ लॅपटॉपच्या बायोसमध्येच (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारी सेटिंग) 'सिक्युअर इरेज' किंवा 'डेटा वाइप' असा पर्याय असतो, एचपी आणि डेलच्या ऑफिसच्या मॉडेलांत तर असतोच. आधी तिथे बघा. नसेल तर लिनक्सवरून एनव्हीएमईचा फॉरमॅट हुकूम, सिक्युअर इरेजचा आकडा १ देऊन. साटा एसएसडी असेल तर लिनक्सवरचाच एचडीपार्म प्रोग्रॅम. तिथे एक अडचण येते, बायोस सुरू होतानाच डिस्क 'फ्रोझन' करून ठेवतं. मशीन एकदा झोपवून जागं केलं की बहुतेकदा सुटते. एचडीपार्मने पुसण्याआधी तात्पुरता पासवर्ड लावावा लागतो. काम चालू असताना वीज गेली तर डिस्क त्या पासवर्डाने कुलूपबंद राहते, म्हणून पासवर्ड साधा ठेवा आणि लिहून ठेवा. आणि हे सगळं डिस्क थेट बोर्डाला लावून, यूएसबी अडॅप्टरवर नको.

इथेही तपासणी सोडू नका. २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएसडी उघडून त्यातल्या चिप थेट वाचल्या. एका एसएसडीने पुसण्याचा हुकूम घेतला, 'झालं' असं उत्तरही दिलं, आणि आत सगळा डेटा जसाच्या तसा होता. त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारलीय, पण फोटोरेक फिरवायला दीड तासच लागतो.

त्या लॅपटॉपवर बिटलॉकर आधीपासून होतं का? पहिल्या दिवसापासून असेल तर काम आणखी पक्कं, कारण चिपवर जे आहे ते मुळातच कुलपातलं आहे आणि किल्ली गेली की त्याचा अर्थ लागत नाही. मध्येच कधीतरी 'फक्त वापरलेली जागा' निवडून चालू केलं असेल तर त्याआधी डिलीट केलेल्या फाइली कुलपाबाहेरच राहिलेल्या असतात.

हडसनतीर | रविवार, पहाटे ४.२०

मी न्यू जर्सीत बँकिंग क्षेत्रातल्या तपासणीच्या कामात आहे. इथे या विषयावर कुठेही बोलणं निघालं की मॉर्गन स्टॅनलीचं प्रकरण येतंच. डेटा सेंटर बंद करताना हजारो हार्ड डिस्क आणि सर्व्हर काढायचे होते. ते काम त्यांनी सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं, तिला डेटा पुसण्याचा अनुभव नव्हता. त्यातली काही यंत्रं पुढे विकली गेली आणि इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचली, ग्राहकांचा डेटा आत तसाच. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या एसईसी या नियामक संस्थेने ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. सुमारे १.५ कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता.

याच्या कितीतरी आधी, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. १२९ चालल्या, आणि त्यातल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. एक तर एटीएममधून आलेली होती.

मला बाबांचं करणं म्हणून फार मोलाचं वाटतं. एक विनंती, पुसलेल्या प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, तारीख, पद्धत, पडताळणीचा निकाल आणि ती कोणाला दिली हे एका कागदावर लिहून बाबांची सही घ्या. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी ज्याने ती घेतली त्याच्यावर टाकणारी तरतूद त्यात आहे. उद्या कोणी विचारलं तर हा कागद दाखवता येईल.

रानजाई | रविवार, सकाळी ८.१०

आणखी आठवलं. ऑफिसात मोठं झेरॉक्स-स्कॅनर मशीन होतं का? मोठ्या मशीनमध्ये आत हार्ड डिस्क असू शकते आणि काढलेल्या प्रतींची चित्रं तिच्यावर उतरतात. ड्रॉवरमधले जुने पेनड्राइव्ह, सीडी, आणि क्लायंटच्या डिजिटल सहीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे दिसतात) पण बघा. टोकन तर ज्याचं त्याला हातात द्या.

मास्तर_तासगाव | रविवार, सकाळी १०.००

तुम्ही म्हणताय ती शाळा आमची नसेल, पण आमच्याही शाळेला असे कॉम्प्युटर येतात म्हणून लिहितो. मागे एका दात्याकडून आलेल्या मशीनवर सातवीतल्या मुलाने रीसायकल बिन उघडली आणि त्यांच्या घरातले आजारपणाचे फोटो वर्गासमोर आले. मी घाईने मॉनिटर बंद केला. त्या घरच्यांना मी आजतागायत सांगू शकलेलो नाही. तेव्हापासून आलेलं मशीन मुलांसमोर चालू करत नाही.

पुसल्यावर तुम्ही काही टाकून देणार असाल तर लिनक्स मिंट टाका, जुन्या मशीनवर हलकं चालतं आणि मराठी टायपिंग होतं. लॅपटॉप विंडोजसकट घेतलेला असेल तर विंडोज ८ पासून पुढच्या ब्रँडेड मशीनची किल्ली बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये) असते. डिस्क पुसली तरी ती जात नाही, पुन्हा तीच आवृत्ती टाकली की आपोआप चालू होते.

तापकीर_गल्ली | रविवार, दुपारी १.३०

३१२ वाल्या डिस्कचं आणि बंद मशीनमधली फिरली नाही तर तिचंही सांगून ठेवतो. ३१२ वालीवर शून्यं तरीही एकदा लिहाच, जेवढं जाईल तेवढं जाईल. मग उघडा. साडेतीन इंची डिस्कचं झाकण टी-८ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूवर असतं, सहासात स्क्रू, एक हमखास लेबलच्या खाली लपलेला. आतल्या तबकड्या अॅल्युमिनियमच्या असतील तर वाकवा, भोकं पाडा, दोन्ही बाजूंनी पॉलिशपेपरने घासा. लॅपटॉपच्या अडीच इंचीत त्या बहुतेक काचेच्या असतात, वाकवायला गेलात की ठिकऱ्या डोळ्यात जातील. तेव्हा गॉगल, हातमोजे आणि वरून जाड कापड. आतली दोन चुंबकं फार जोरकस असतात, बोट मध्ये सापडलं तर रक्तच येतं. नुसतं खालचं हिरवं सर्किट काढून भागत नाही, दुसरं लावता येतं. फ्रिजवरच्या चुंबकाने डिस्क पुसली जात नाही. आणि जाळू नका, धूर विषारी.

उरलेलं भंगारात नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्या.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.१५

सगळं झालं.

लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर इरेज सापडलं. दोनदा खात्री विचारली आणि मिनिटाच्या आत संपलं. इतक्या लवकर झालं म्हणून विश्वास बसेना. फोटोरेक फिरवलं, शून्य. बिटलॉकर त्यावर कधीच नव्हतं.

बंद डेस्कटॉपची डिस्क काढून लावली, तर टक-टक असा आवाज आणि यादीत नावच नाही. ती आणि ३१२ वाली (तिच्या पडताळणीत सात चुका आल्या) अशा दोन घेऊन आम्ही घरच्या ओट्यावर बसलो. बाबांनी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून टी-८ आणला होता. लेबलखालचा स्क्रू त्यांनीच नखाने चाचपून शोधला. झाकण निघालं तेव्हा आत तबकडी इतकी चकचकीत की बाबांचा चेहरा तिच्यात दिसत होता. एक डिस्क २००९ सालापासूनची, म्हणाले, यात पहिलं ई-रिटर्न भरलं होतं मी. मग ड्रिल भावाच्या हातात दिलं. तबकडीला सात भोकं पाडली, दोन्ही बाजू पॉलिशपेपरने घासल्या. एका चुंबकाने माझं बोट धरलंच, तरी तापकीरदादांनी सांगितलं होतं.

ड्रॉवरमध्ये ११ डिजिटल सहीचे टोकन निघाले. सहा जणांना फोन झाले, ते न्यायला येणार आहेत. झेरॉक्स मशीन लहान होतं, त्यात डिस्क नाही, मेकॅनिकला विचारून खात्री केली.

हडसनतीर, तुम्ही सांगितलेला कागद केला. पाच ओळी, पाच सीरियल नंबर, खाली बाबांची सही आणि शिक्का. शिक्का त्यांनी आज शेवटचा वापरला. तिसऱ्या डेस्कटॉपला नवी १२० जीबीची एसएसडी घालतोय. मास्तर, मिंट उद्या टाकते. मराठी टायपिंगसाठी नंतर वेगळं काही निवडावं लागतं का, तेवढं सांगा.

मास्तर_तासगाव | सोमवार, रात्री ९.५०

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट (कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी) जोडा. मुलं तेच शिकतात.